चिलखताच्या आतला उन्हाळा

इतिहासातील वीरपुरुषांची चित्रे आपल्या घराघरांत आहेत. शिवजयंतीच्या मिरवणुकीत आणि गणेशोत्सवाच्या देखाव्यांत चिलखत घातलेले मावळे व सरदार आपण आवडीने उभे करतो. त्या चिलखतांची चकाकी डोळ्यांत भरते; परंतु त्याच्या आत एक घामेजलेला, तहानलेला मनुष्यदेह असे, हा विचार सहसा मनात येत नाही. तलवारीचा वार अडवण्याचे काम चिलखत चोख करी, आणि आतील देहाची उष्णता अडवून धरण्याचे कामही ते तितक्याच चोखपणे करी. म्हणूनच रणांगणावरील योद्ध्याला दोन शत्रूंशी झुंजावे लागे. एक समोरचा, आणि दुसरा स्वतःच्या अंगातला.

या दुसऱ्या शत्रूचा बंदोबस्त आपल्या पूर्वजांनी व इतर देशांतील योद्ध्यांनी कसा केला, त्याचा धांडोळा प्रस्तुत लेखात घेण्याचे आम्ही योजिले आहे. लोखंड ज्या नगरीचे अन्नदाते आहे, आणि जिच्या कित्येक घरांतील कर्ते पुरुष भट्टीच्या धगीसमोर उभे राहून निवृत्त झाले, त्या भिलाईत हा विषय परका वाटणार नाही, अशी आमची खात्री आहे.

देहाची भट्टी

प्रथम थोडे शास्त्र. श्रम करणारे शरीर ही एक भट्टीच होय. अन्नातून मिळणाऱ्या शक्तीचा फार तर चौथा हिस्सा प्रत्यक्ष कामी येतो; बाकीची सारी शक्ती उष्णतेच्या रूपाने अंगात उरते. स्वस्थ बसलेला मनुष्य सुमारे 100 वॅटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर टाकतो. ओझे घेऊन झपाट्याने चालणारा किंवा तलवार चालवणारा मनुष्य त्याच्या चौपट-पाचपट उष्णता निर्माण करतो. 60 किलो वजनाच्या माणसाचे अंग एका अंशाने तापवण्यास सुमारे 50 किलोकॅलरी पुरतात. आता हिशोब सोपा आहे. निर्माण होणारी उष्णता मुळीच बाहेर गेली नाही, तर दर सात मिनिटांना अंगाचा ताप एक अंशाने चढेल आणि 37 अंशांवरून 40 अंशांवर पोहोचण्यास वीस-एकवीस मिनिटे पुरतील. 40 अंशांच्या पुढे मनुष्य बरळू लागतो, तोल जातो, शुद्ध हरपते आणि वेळीच उपाय न झाल्यास प्राणही जातो.

या संकटातून निसर्गाने काढलेली वाट म्हणजे घाम. एक लिटर घाम वाळला म्हणजे सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता अंगातून निघून जाते. परंतु ‘वाळला’ या शब्दात सारे मर्म आहे. निथळून जमिनीवर पडलेला घाम अंगातील पाणी व मीठ घेऊन जातो. गारवा मात्र देत नाही. कोरड्या वाऱ्यात घाम चटकन वाळतो, दमट हवेत वाळत नाही. भिलाईचा मे महिना 44-45 अंशांचा असूनही कित्येकांना जुलैतील 32 अंशांचा उकाडा अधिक असह्य का वाटतो, त्याचे कारण हेच. चिलखत घालणारा मनुष्य आपल्या त्वचेभोवती असाच एक जुलै महिना बांधून घेतो. बाहेर पौषाची थंडी असो की ज्येष्ठाचे ऊन, त्याच्या अंगालगतची हवा दमट, कोंदट आणि स्थिर असते.

युरोपातील पोलादी पोशाख

या गोष्टीची पराकाष्ठा मध्ययुगीन युरोपात झाली. पंधराव्या शतकातील युरोपीय सरदार नखशिखांत पोलादी पत्र्याने मढलेला असे. युद्धातील असा पोशाख साधारणतः 20 ते 25 किलोंचा असे आणि त्याखाली तागाचा वा सुती, आत भरण घातलेला जाड डगला असे. हे वजन अंगभर वाटलेले असल्याने असा सरदार स्वतःच घोड्यावर चढू शके. त्याला यारीने उचलून घोड्यावर बसवावे लागे, ही समजूत खोटी आहे. अडचण वजनापेक्षा निराळी होती. 2011 साली लीड्स विद्यापीठातील संशोधकांनी चिलखते वापरण्याचा सराव असलेल्या मंडळींना 30 ते 50 किलोंचे पोशाख चढवून चालत्या पट्ट्यावर चालवले व पळवले आणि त्यांच्या श्वासाचे मापन केले. चालण्यास लागणारी शक्ती दुपटीहून अधिक भरली. पायांवर चढवलेले लोखंड प्रत्येक पावलागणिक उचलावे लागते, आणि छातीवरील पत्र्यामुळे दीर्घ श्वास घेता येत नाही, ही त्याची कारणे आढळली. दुप्पट शक्ती म्हणजे दुप्पट उष्णता. आणि तीही बाहेर जाण्याच्या वाटा बुजवलेल्या असताना!

इंग्लंडात 29 मार्च 1461 रोजी टाउटन येथे भर हिमवर्षावात घनघोर लढाई झाली. त्या लढाईत लॉर्ड डेकर नावाच्या सरदाराने पाणी पिण्यासाठी शिरस्त्राण काढले आणि नेमका त्याच क्षणी बाण लागून तो मेला, अशी परंपरा सांगते. बर्फ पडत असताना मनुष्याला तहानेने शिरस्त्राण काढावे लागते, यातच सारे आले. उन्हाळा बाहेर नव्हता, आत होता.

बाहेरचा उन्हाळा आतल्या उन्हाळ्याला मिळाला म्हणजे काय होते, हे 1187 च्या जुलैत पॅलेस्टाइनमधील हत्तीन येथे दिसले. सफ्फूरियाचे झरे सोडून धर्मयुद्धी ख्रिस्ती सैन्य रणरणत्या उन्हात निघाले. सलाहुद्दीनने त्यांच्या पाण्याच्या वाटा रोखल्या आणि वाळलेल्या गवताला आगी लावून धुराची भर घातली. 4 जुलै रोजी ते तहानलेले सैन्य साफ बुडाले. चारच वर्षांनी, 1191 च्या ऑगस्टमध्ये, इंग्लंडचा राजा रिचर्ड त्याच प्रदेशात एकर शहराहून दक्षिणेकडे निघाला, तेव्हा त्याने निराळी व्यवस्था ठेवली. समुद्रकिनारा सोडायचा नाही, म्हणजे रसद घेऊन गलबते बरोबर राहतील. सकाळच्या प्रहरी थोडकी मजल मारायची आणि दुपारी मुक्काम करायचा. पायदळाचे दोन भाग करून एकाने शत्रूच्या बाजूने लढत चालायचे, दुसऱ्याने समुद्राच्या बाजूने विसावा घेत चालायचे, आणि मग पाळी बदलायची. सलाहुद्दीनच्या पदरी असलेल्या बहाउद्दीनने शत्रूच्या या शिस्तीची नोंद केली आहे. उन्हाने माणसे दगावली, पण सैन्य टिकले, आणि 7 सप्टेंबर रोजी अर्सूफची लढाई रिचर्डने जिंकली. दोन्ही वेळी चिलखत जवळजवळ तेच आणि प्रदेशही तोच होता. फरक होता पाण्याचा, वेळेचा आणि विसाव्याचा.

आपल्याकडील चिलखत

हिंदुस्थानात पोलाद उत्तम होत असे आणि कारागीरही कुशल होते. तरीही युरोपासारखा अंगभर पत्र्याचा बंदिस्त पोशाख येथे रुळला नाही. अकबराच्या काळी अबुल फझलने ‘आइन-इ-अकबरी’त शस्त्रागारातील वस्तूंची यादी दिली आहे. तीत कड्यांचे चिलखत म्हणजे ‘जिरह’, कड्या व पत्रे एकत्र गुंफलेले ‘बख्तर’, आणि छाती, पाठ व दोन्ही कुशी यांवर चार पत्रे बांधण्याचे ‘चार-आईना’ हे प्रकार येतात. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या ओळखीच्या अजबबंगल्यात, तसेच पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात व हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात जुनी शस्त्रास्त्रे पाहावयास मिळतात. अशा ठिकाणी वाचकांनी या दृष्टीने अवश्य निरीक्षण करावे.

कड्यांच्या चिलखतातून वारा खेळतो. हजारो कड्या म्हणजे हजारो झरोके. चार-आईन्याचे पत्रे काळीज, फुफ्फुसे आणि पोट राखतात, पण काखा मोकळ्या सोडतात. आपल्याकडील शिरस्त्राणाला चेहऱ्यावर झडप नसते. नाकावर खालीवर सरकणारी एक पट्टी आणि मानेवर रुळणारी कड्यांची झालर असते. श्वास मोकळा राहतो आणि मानेलाही वारा लागतो. धातूवर थेट ऊन पडू नये म्हणून चिलखतावरून सैल अंगरखा घालीत; युरोपीय योद्धेही चिलखतावरून कापडी झगा घालीत. उन्हात ठेवलेला पोलादी पत्रा हाताला कसा चटका देतो, हे भिलाईकरांना सांगावयास नको.

कापडाचे चिलखतही होते. कापडाचे अनेक थर एकावर एक शिवून जाड अंगरखा तयार करीत. त्याला ‘चिलता’ म्हणत, म्हणजे शब्दशः चाळीस पदरी. तो स्वस्त होता, तापत नसे आणि तलवारीचा वार बराच झेली. मात्र एवढे पदर अंगावर घेतले म्हणजे उकडणारच. सुखाचे चिलखत कोणीही शोधून काढले नाही. किती संरक्षणासाठी किती उष्णता सोसायची, हा सौदा प्रत्येक देशाने आपल्या हवेप्रमाणे केला.

मराठ्यांचा हिशोब

10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज अफझलखानाच्या भेटीस गेले, तेव्हा त्यांनी अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली शिरस्त्राण घातले होते, असे इतिहास सांगतो. सभासद आपल्या बखरीत ‘जरेची कुडती’ म्हणतो ती हीच. फारसीतील ‘जिरह’ म्हणजे कड्यांचे चिलखत. खानाचा वार त्या कुडतीवर खरडत गेला आणि महाराज बचावले. प्रसंगाचे स्वरूप लक्षात घ्यावे. कार्तिक-मार्गशीर्षाचे दिवस, जावळीची थंड हवा, चकमक काही क्षणांची आणि धोका अगदी जवळून होणाऱ्या वाराचा. येथे चिलखत घालणे सर्वथा उचित होते आणि त्याचा उष्णतेचा भुर्दंड नाममात्र होता.

याच महाराजांच्या सैन्यातील सामान्य मावळा किंवा बारगीर मात्र लोखंडाने मढलेला नव्हता. डोक्यास मुंडासे, अंगात सुती बंडी किंवा अंगरखा, खांद्यावर घोंगडी, हाती ढाल-तलवार किंवा भाला, एवढाच त्याचा सरंजाम. मुंडाशाचे अनेक पदर ऊन अडवीत, डोक्यावरील वार काही अंशी झेलीत, आणि वाटेत ओढा लागला की भिजवून पुन्हा बांधले म्हणजे गारवाही देत. मराठी फौजेच्या चपळाईचे श्रेय आपण गनिमी काव्याला देतो आणि ते योग्यच आहे. चिलखते महाग होती, हेही खरे. परंतु ज्या सैन्याला घाट चढून-उतरून एका दमात लांबची मजल मारायची आहे, त्याला अंगातील उष्णता वाटेत टाकत जाता आली पाहिजे, हा विचारही या हलक्या पोशाखात सामावलेला आहे, असे आमचे मत आहे. मराठ्यांचे खरे चिलखत त्यांचा वेग होता.

दुसरी व्यवस्था पंचांगाची. पावसाळ्यात फौजेने छावणीस यावे आणि दसऱ्यास कूच करून आठ महिने मुलूखगिरीस जावे, ही महाराजांच्या लष्कराची रीत सभासदाने नोंदवली आहे. शेती, नद्यांचे पूर आणि चारा ही त्याची प्रमुख कारणे. पण दमट उकाड्यात श्रमाचे युद्ध टळत असे, हा लाभही त्यात आपोआप पदरी पडे. चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांना महाराजांनी लिहिलेले पत्र प्रसिद्धच आहे. पावसाळ्यासाठी राखलेला दाणा-वैरण आताच उधळाल तर पुढे घोडी मरतील. गवताच्या गंजींजवळ चुली पेटवू नका, दिवे उघडे ठेवू नका, अशा बारीकसारीक गोष्टी राज्यकर्ता स्वतः लिहितो. सैन्य शौर्याने लढते हे खरे, पण ते उभे राहते ते अशा काळजीवर.

ही काळजी घेणे परिस्थितीने अशक्य केले म्हणजे काय होते, ते पानिपताने दाखवले. 14 जानेवारी 1761 चा दिवस थंडीचा होता. त्या लढाईचा प्रत्यक्षदर्शी काशीराज पंडित लिहितो की, नखशिखांत चिलखतात असलेला अब्दालीचा वजीर शाहवलीखान घोड्यावरून उतरून आपल्या पळणाऱ्या सैनिकांना परत बोलावीत होता. दुपारपर्यंत पारडे मराठ्यांकडे झुकले होते. परंतु मराठी सैन्य कित्येक दिवसांच्या उपासमारीने क्षीण झाले होते, आणि अब्दालीने विसावा घेतलेली राखीव फौज दुपारी रणांगणात उतरवली. पानिपताच्या पराभवाची कारणे अनेक आहेत, आणि ती सारी उष्णतेच्या सूत्रात बसवण्याचा अट्टहास आम्ही करणार नाही. मात्र उपाशी, तहानलेला आणि सकाळपासून झुंजणारा देह घाम गाळून स्वतःला निववू शकत नाही, आणि ताज्या दमाचा देह ते करू शकतो, एवढे शास्त्र त्या दुपारीही लागू होते. ज्याच्याजवळ राखीव विसावा होता, त्याचा दिवस ठरला.

छत्तीसगडच्या भूमीवर

आपण आज ज्या भूमीत नांदतो, तेथे मराठी माणूस प्रथम आला तो याच फौजांबरोबर. 1741 मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर रतनपुरावर चालून आले. पुढे बिंबाजी भोसल्यांनी 1787 मध्ये मृत्यू येईपर्यंत रतनपुराहून कारभार केला. मराठी माणसांची दुसरी मोठी लाट आली ती तलवार घेऊन नव्हे, तर कारखान्याचे नेमणूकपत्र घेऊन. फेब्रुवारी 1955 मध्ये सोव्हिएत रशियाशी भिलाईचा करार झाला तेव्हा दुर्ग आणि नागपूर एकाच मध्य प्रदेश राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे उद्घाटन झाले. सेक्टरांची वसाहत उभी राहिली आणि विदर्भातून आलेली कुटुंबे शेजारी-शेजारी राहू लागली.

भट्टीतून सुमारे 1500 अंशांचे वितळलेले लोखंड बाहेर पडते, तेव्हा त्याच्या समोरील कामगार चकाकता, अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेला कोट आणि तोंडावर ढाल असलेले शिरस्त्राण घालतो. हे आमच्या काळाचे चिलखत. येथे शत्रू तलवारीचा वार नसून धग आहे. चकाकता पृष्ठभाग ती धग बहुतांशी परतवून लावतो. परंतु जुन्या चिलखताचा दोष याच्याही वाट्याला आला आहे. बाहेरची उष्णता आत येत नाही, तशी आतलीही बाहेर जात नाही. म्हणून त्याची मात्रा मिनिटांत मोजावी लागते. काम करायचे, बाजूला व्हायचे, कोट उघडायचा, पाणी प्यायचे आणि पुन्हा उभे राहायचे. रिचर्डच्या पायदळाची पाळी ती हीच.

या पाळ्यांचे शास्त्रही सैनिकांमुळेच सिद्ध झाले. अमेरिकेतील सैनिकी शिक्षणकेंद्रांत नवशिके जवान उन्हाने दगावू लागले, तेव्हा यॅग्लू आणि मिनार्ड यांनी 1957 मध्ये उष्णतेचा एक नवा निर्देशांक मांडला. त्यात ओल्या फडक्याने वेढलेल्या तापमापकाला 70 टक्के, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याला 20 टक्के आणि साध्या तापमापकाला अवघे 10 टक्के महत्त्व आहे. घाम वाळतो की नाही, हाच मुख्य प्रश्न आहे, ही गोष्ट अशा रीतीने अंकांत उतरली. नवख्या देहाला उष्णतेची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात, म्हणून पहिल्या दिवशी पूर्ण काम देऊ नये, हेही सिद्ध झाले. आपल्या देशात 1948 च्या कारखाने कायद्याने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत उन्हाळ्यात थंड पिण्याच्या पाण्याची सोय करण्याचे बंधन घातले. तहान ही कामगाराची खाजगी बाब राहिली नाही. ती व्यवस्थेची जबाबदारी ठरली.

शास्त्राने जे सिद्ध केले, त्याचा काही भाग आमच्या स्वयंपाकघरांना पूर्वीपासून ठाऊक होता. विदर्भातील घरी उन्हात जाणाऱ्याच्या हाती मीठ घातलेले ताक किंवा आंबील दिली जाते. छत्तीसगडी शेजारी रात्री भात पाण्यात भिजवून ठेवतो आणि सकाळी ते बोरे-बासी मीठ व कांद्याबरोबर खाऊन कामाला निघतो. पाणी, मीठ आणि पोटाला आधार या तिन्ही गोष्टी त्या एका वाडग्यात आहेत. दोन प्रांतांच्या गृहिणींनी, एकमेकींना न विचारता, एकाच शत्रूवर एकच तोड काढली.

या साऱ्या इतिहासाचे सार काय? उष्णता न जाणवणे हे शौर्याचे लक्षण नाही. पोलादी देहाचे पूर्वज उन्हातान्हाची पर्वा करीत नसत, असे बोलणे ऐकावयास बरे वाटते. परंतु ज्यांनी पर्वा केली तेच पूर्वज जिंकले. त्यांनी ऋतू पाहिला, पाणी पाहिले, पोशाख हलका ठेवला, विसाव्याची पाळी लावली, आणि ही काळजी सैनिकावर न टाकता सेनापतीने वाहिली. चिलखत लोहार घडवतो. चिलखतातील माणूस मात्र व्यवस्था जगवते.

सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या मंडळाच्या मिरवणुका थाटामाटात निघतील आणि मुले मोठ्या हौसेने चिलखत-जिरेटोप चढवतील. त्यांच्या मातापित्यांना व कार्यकर्त्यांना आमची एक विनंती आहे. चिलखताखाली सुती सदरा असावा, मिरवणूक सकाळी वा सायंकाळी निघावी, दर थोड्या वेळाने टोप उतरवून पाणी द्यावे. एखादे मूल वा कार्यकर्ता असंबद्ध बोलू लागला किंवा झोकांड्या खाऊ लागला, तर त्याला ताबडतोब सावलीत न्यावे, चिलखत काढावे, अंगावर पाणी शिंपून वारा घालावा आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे. बाल शिवाजीची तहान ओळखणारा कार्यकर्ता हा चिपळूणच्या पत्राचा खरा वाचक होय.

भट्टीपुढे उभे राहून ज्यांनी हे नगर आणि हे मंडळ उभे केले, त्या आमच्या वडीलधाऱ्यांनी चिलखताच्या आतला उन्हाळा जन्मभर सोसला. त्यांच्या घामाला हा लेख कृतज्ञतापूर्वक अर्पण करून आम्ही वाचकांची रजा घेतो.